भाषणातला खोडलेला शब्द

सोलापूर, ७ मार्च १९५१

चि. धोंडप्पास अक्काचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. क्रमाने लिहिते. निजामी संपली. येत्या निवडणुकीसाठी पक्षाने तुझे नाव पुढे केले. तू सभेचे भाषण लिहून माझ्याकडे तपासायला पाठवलेस. ऱ्हस्व-दीर्घ मी सुधारले. मुख्याध्यापिकेच्या भावाने असे लिहावे, याचे नवल मात्र अजून ओसरले नाही. एक शब्द सुधारता येईना, म्हणून खोडला. 'माझा कारभार उघडा आहे' यातील 'उघडा'.

तू गावात चालवतोस त्या बँकेविषयी तक्रार नाही. पण तुझ्या अडतीच्या दुकानात अजून रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून गुपचूप भाव ठरतो, आणि ज्याची तूर तो शेतकरी शेजारी मुका उभा असतो. त्याच्याकडे मत कोणत्या तोंडाने मागणार? रुमाल काढ, नाहीतर नाव मागे घे.

सौ. नागम्मास आशीर्वाद. लोभ आहेच, तो असल्यामुळेच लिहिते.

तुझी अक्का,
महादेवी

मुरुम, २१ मार्च

ती. अक्कास धोंडप्पाचे शरणार्थ.

वि. वि. पत्र ऐकून तुमची भावजय हसली. म्हणाली, पहिलं मत घरातूनच विरोधात गेलं. मी रुसलो होतो, खोटं कशाला सांगू. बाकीच्या अडत्यांपाशी विषय काढला, तर त्यांच्यातल्या बंडप्पानं बजावलं, की रुमाल काढलास तर आम्ही सगळे तुझ्या बँकेतल्या ठेवी काढू, मग बघू कसा निवडून येतोस.

तरी बाजारादिवशी रुमाल खिशात घातला आणि तुरीची बोली मोठ्यानं पुकारली. अक्का, आवाज लई चिरकला. पुढं कुणी अडत्या बोली चढवेना. जळकोटचे शेतकरी हिंमतराव तेवढे म्हणाले, की सावकार, आमच्या तुरीचा भाव आज पहिल्यांदा आमच्याच कानानं ऐकला.

पुढच्या बाजारी गाड्या बंडप्पाचं दुकान सोडून माझ्याकडं वळल्या. शेवटी तो उठून आला, माझ्यापेक्षा चढा भाव ओरडला आणि तूर घेऊन गेला. सौदा हरलो, पण त्या दिवशी जेवण गोड लागलं. ठेवी जागच्या जागी आहेत.

आता तो शब्द परत घालू का? लोभ असू द्यावा, तपासणी थोडी कमी करावी.

तुमचा,
धोंडप्पा

सोलापूर, २६ मार्च

चि. धोंडप्पास आशीर्वाद.

वि. वि. तुझे पत्र शाळेत सर्व शिक्षिकांना वाचून दाखवले, एकही चूक न सुधारता. तरीही शब्द तसाच घालू नकोस. दोन बाजारांनी रीत बदलत नाही. 'उघडा करीत आहे' असे लिही. काळ बरोबर येईल. सभेला मी येते आहे.

एक प्रश्न उरतो. तू निवडून हैदराबादला गेलास, तर मुरुमात भाव कोण पुकारणार? उत्तर लेखी हवे, आणि तुझ्या सहीखाली बंडप्पाचीही सही हवी.

महादेवी