टँकरवरची हाळी

॥ श्री ॥
उमापूर, १२ जानेवारी १९८७

चि. सौ. शिवगंगेस रेवणप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या बसूला औरंगाबादच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलतो. कान ठणठणीत हाय. एकटं माणूस बोललं की तिला सगळं कळतं. गलका झाला की बोलणं त्यात विरघळतं. पोर मठ्ठ न्हाई, हे हेडमास्तरांना सांग. आपल्या गिरणीचा पट्टा सैल झालेला मला दुसऱ्या गल्लीतून ऐकू येतो, पण हे बाईंनीच ओळखलं.

बाईंनी सांगितलंय, रोज तिच्याशी तोंड झाकून, हळू बोलायचं. ओठ दिसू द्यायचे न्हाईत. जमलं की शेजारी रेडिओ लावायचा, मग भांडी वाजवायची. कुणी ओरडायचं न्हाई. तुला काय अवघड? सासऱ्यांपुढं पदर तोंडावर असतोच! वार्षिक परीक्षेत श्रुतलेखन जमलं न्हाई तर शाळा सुटेल, एवढं ध्यानात ठेव.

आमच्या दाजींना, शिवशरणरावांना नमस्कार. माया आहे तशी राहू दे.
तुझा अण्णा

आष्टी, १० मार्च

ती. अण्णांस शिवगंगेचा सा. न. वि. वि.

दिवसभर तोंडावर पदर बघून सासूबाई पेठेत सांगत सुटल्या, सुनेला एकदाचं वळण लागलं! आधी घरचे सगळे मिळून पोरीवर ओरडायचे. तुमचं पत्र वाचून दाखवलं तेव्हा गप झाले. आता रेडिओ चालू असताना बसू श्रुतलेखन लिहिते. लई आनंद झालता.

पण अण्णा, घात झाला. इथं सोसायटीचा टँकर येतो. नाव पुकारलं की घागर पुढं करायची. हुकलं की रिकामं परतायचं. त्या आरडाओरड्याच्या कालव्यात बसूला कळायचं न्हाई, म्हणून मीच उभी राहायची. परवा सोबत होती. आमचं नाव माझ्याआधी तिनं ऐकलं न् धावली. ह्यांनी पाहिलं. घरी येऊन म्हणाले, आता पोरगी पाण्याला उभी राहील, तू खडीच्या कामावर जा, दुष्काळानं दुकानात गिऱ्हाईक न्हाई. टँकर कधी येईल नेम न्हाई, म्हणून शाळा बंद. पाडव्याआधी दाखला काढणार हायत.

बसू विचारते, नीट ऐकलं तर शाळेत ठेवतील म्हणाली होतीस, मग शाळा बंद कावून? शिकवलं कशाला, असं होतंय. लगेच काही कळवा. बहिणीला टाकू नका.
तुमची शिवगंगा

उमापूर, १४ मार्च

चि. सौ. शिवगंगेस आशीर्वाद.

बसूला इकडं घेऊन यायला बुधवारी सकाळच्या एसटीनं निघतो. दाखला काढू दे, पण इथल्या शाळेच्या नावानं. मास्तरांशी बोललो, बसूला पुढच्या बाकावर बसवतील. दाण्याअभावी गिरणी बंदच हाय. इथंही टँकरच येतो, पण पाण्याला मी उभा राहीन. शिवशरणरावांशी गोडीत बोलेन. न्हाई म्हणाले तर हो म्हणेपर्यंत त्यांच्या ओट्यावरून उठणार न्हाई.

घागर पुन्हा तुझ्याच डोक्यावर येईल, वर खडी, न् पोर डोळ्यांआड. दुसरं मला सुचत न्हाई. रडायचं ते बुधवारच्या आत, घरापासून लांब जाऊन रडून घे. पदरात कोंडलेला हुंदकासुद्धा पोरीला आता भिंतीपलीकडून ऐकू येईल.

तुझाच,
अण्णा