उन्नतीचं करिअर, माझ्या देखरेखीखाली

५ मे, सोमवार
बारावीचा निकाल. उन्नतीला एकाहत्तर टक्के. लेकीच्या इंजिनिअरिंगचा निर्णय मी ती सहावीत असतानाच घेतला होता, त्यामुळे चर्चेचा प्रश्नच नव्हता. तरी चर्चा झाली. म्हणते, कॉलेज नको, पाचूबंदरला क्लेमेंटच्या वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस म्हणून लागते. बोटींची इंजिनं दुरुस्त करणार! मी बराच वेळ हसलो. एकटाच. यमुनाने नवऱ्याला साथ द्यायची सोडून कुकर लावला.

७ मे
उन्नतीने अप्रेंटिसशिपचे फायदे कागदावर लिहून माझ्या डब्याखाली ठेवले. फी नाही, उलट स्टायपेंड. पहिल्या दिवसापासून हातात काम. दोन वर्षांत सर्टिफिकेट आणि अनुभव. पुढे डिप्लोमाही करता येतो. कागद लाल पेनाने तपासून परत दिला. शुद्धलेखनाच्या पाच चुका. दहापैकी साडेतीन. मुलांना फीडबॅक वेळेवर मिळायला हवा.

११ मे, रविवार
पाचूबंदर. फक्त पाहणी. क्लेमेंट कोपरापर्यंत काळा. म्हणाला, "पोरीचा हात लय चांगला हाय. सुट्टीत आलेली तवा नुसता आवाज ऐकून सांगितलं, कुठं बिघडलंय." आमच्या फुलपाड्यात लोकांना काय सांगू, हा माझा मुद्दा होता, पण त्याला तो कळला नसता. म्हणून म्हटलं, तिला फिट येते. क्लेमेंटने हातातला पाना खाली ठेवला. "मग मशीनजवळ नाय उभी करता येनार," म्हणाला आणि मला चहा पाजला. मुलीच्या भल्यासाठी बोललेलं खोटं खोट्यात धरत नाहीत.

१४ मे
क्लेमेंटचा नकार आला. कारण सांगेना म्हणे. उन्नती जेवली नाही. दिवसभर गॅलरीत आमच्याकडे पाठ करून बसली. मीच शेजारी बसून अपयश कसं पचवावं ते समजावलं. चाळीस मिनिटं. मध्येच उठून आत गेली, म्हणजे परिणाम होतोय.

२५ मे, रविवार
मासळीवाली मटिल्डा पाचूबंदरची. दारात टोपली उतरवून यमुनाला म्हणाली, "पोरीला फिट येते ना बाय, एकटी नको पाठवू कुठं." उन्नती आतून ऐकत होती. दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. मी विचारलं, बोंबील ताजे आहेत का? त्यानंतर घरात एक शब्द नाही. शांतता हवीच होती. अभ्यासाला बरी.

२ जून
उन्नतीने डॉक्टरकडून सर्टिफिकेट आणलं. प्रकृती उत्तम. ते घेऊन परस्पर पाचूबंदर गाठलं. करार झाला! मी सही करणार नाही, असं ठणकावून सांगितलं. सही मागितलीच नव्हती. मार्चमध्ये अठरा पूर्ण झाली. असो. दोन आठवड्यांत पळून येईल. इंजिनिअरिंगचा फॉर्म भरून ठेवतो.

२९ जून, रविवार
पळून आली नाही. पावसाळ्यामुळे मासेमारी बंद, सगळ्या बोटी दुरुस्तीला, रविवारीही काम. तिला घरी आणायला स्वतः गेलो. सगळे माझ्याशी विलक्षण नम्र. क्लेमेंटने दंड धरून बाकावर बसवलं आणि हळूच विचारलं, "गोळी घेतली का?" चौकशीअंती कळलं, उन्नतीने सांगून ठेवलंय की पप्पांच्या डोक्यावर परिणाम झालाय, नसलेलं काहीबाही बोलतात. मी ठणठणीत आहे, असं ओरडून सांगितलं. ते माना डोलवत राहिले. "हो हो, काका." उन्नती इंजिनामागून बाहेरही आली नाही. रिक्षा त्यांनीच बोलावली.
यमुनाला म्हटलं, तू तरी जाऊन खुलासा कर. म्हणाली, "मुलीच्या भल्यासाठी थोडं सोसा."

१२ जुलै
इंजिनिअरिंगच्या फॉर्मची मुदत संपली. मुद्दामच जाऊ दिली.

१७ ऑगस्ट, रविवार
उन्नतीने स्वतः खोलून पुन्हा बांधलेल्या पहिल्या इंजिनाची ट्रायल. मला कोणी सांगितलं नव्हतं. यमुना नवी साडी नेसून निघाली म्हणून मागोमाग गेलो. बोटीवर उन्नती, हात काळे, कपाळावर ऑइल. तिने इंजिन चालू केलं. एका झटक्यात. धक्क्यावर सगळे ओरडले. बोट पार दिसेनाशी होईपर्यंत आवाज कुठे अडखळला नाही. मला यातलं काही कळत नाही, पण तेवढं कळलं. शेजारच्या माणसाला म्हटलं, ही माझी मुलगी.
"बरं बरं, काका," तो म्हणाला आणि क्लेमेंटला खूण केली.
क्लेमेंटने लगेच सावलीत खुर्ची आणून ठेवली. एवढ्या गर्दीत खुर्ची फक्त मला. यमुनासुद्धा उभी होती.