त्रिनगरला मिळाले अकरा मार्क

२ जून
गंधारचा फोन. कंपनीनं म्हणे घरूनच काम करायला सांगितलंय. म्हटलं, मग पुण्यात कशाला, डोणगावला घरी ये. तर म्हणतो, बाबा, तिथे आहे काय? तेहतीस वर्षं भूगोल शिकवला मी, आणि मलाच विचारतो! आता आकड्यांनीच उत्तर देणार. महिन्याभरात पोरगा घरी.

३ जून
नेटवर वाचलं. मोठमोठ्या शहरसमूहांची वाढ किती झाली हे नाही, कशी झाली ते मोजतात हल्ली. वाढीचा दर्जा! आपला समूह तयारच आहे: डोणगाव-मेहकर-जानेफळ. नाव ठेवलं त्रिनगर. घर, पाणी, नाल्या, मोकळी जागा, एकूण शंभर मार्क. पुणे-मुंबईला चोपन्न दिले. आमची सौ., शरयू, म्हणाली, समूह राहू द्या, घरामागची नाली तुंबली ते पाहा. बाईला व्हिजनच नाही.

५ जून
उद्यापासून पहाटे पाचला निघणार. रोज पन्नास घरं.

६ जून, सकाळी ९.४०
ऊन फार. उद्या नक्की.

९ जून
सर्व्हे सुरू! आधी डोणगाव. हातात फाईल, टेप, गळ्यात जुनं इलेक्शन ड्यूटीचं कार्ड. घरोघरी चहा. शेजारच्या कोकिळाबाईंनी विचारलं, गुरुजी, यादी कधी लागन? म्हटलं, लवकरच. संशोधनाची केवढी ही ओढ!

१२ जून
शेषराव दुमजली घराच्या ओट्यावर बसून म्हणाला, मी तं गोठ्यात राह्यतो जी, हे घर भाच्याचं हाय. फ्रिजवर गोधडी टाकलेली. किती विनय! लिहून घेतलं. आमच्या घराचा फॉर्म शरयूनं भरला. न वाचताच फाईलला लावला.

१४ जून
एकट्या डोणगाववरून त्रिनगरला अकरा मार्क. अकरा! फॉर्मांप्रमाणे गावात एकही पक्कं घर नाही, एकही संडास नाही. चौकात उलगडा झाला. सगळ्यांना वाटलं, सरकारी घरकुलाची यादी करून राह्यले गुरुजी. शेषराव उलट माझ्यावरच तापला: आधी काऊन नाही सांगतलं, म्या पंखेबी काढून ठेवले!
हात्तिच्या! मेथडची किरकोळ चूक. पुणे-मुंबईचे मार्क नऊवर आणले. मोजमापात लवचिकता लागते. फायलीचे फोटो गंधारला पाठवले.

२० जून
गंधारचा फोन. पुण्याचे नऊ मार्क पाहून पोट धरून हसला. मग म्हणाला, आपल्या घराचा फॉर्म वाचा. दिवाळीला येतो, चार दिवस.
वाचला. भिंती मातीच्या. संडास नाही. नवरा बिनकामाचा. म्हणजे हीसुद्धा! पंधरा दिवस मी घसा कोरडा केला, पण हिचा विश्वास कोकिळाबाईंच्या यादीवर. विचारलं तर म्हणाली, घरकुल मिळालं असतं तर गंधारले एक खोली झाली असती.
'राहणारी माणसं' समोर आधी तीन लिहिलंय. ते खोडून दोन केलंय. सगळ्या फायलीत तेवढाच एक आकडा खरा.
फार वाईट वाटलं. नाली काढायला घेतली.