पाच फ्लॅट

प्रिय धाकटे,

तू गाण्याचे कागद बांधून माळ्यावर टाकलेस, असं तुझ्या लेकीकडून कळलं. ऑपरेशननंतर गळा पूर्वीइतका वर चढत नाही, म्हणून गाणंच बंद. चष्म्याचा नंबर बदलला म्हणून कोणी वाचायचं सोडत नाही, हे मी तेव्हाच तुला फोन लावून सुनावणार होते. पोरीदेखत नको म्हणून गप्प बसले. आता बसणार नाही.

आधी इकडची खबर. माझ्याकडे एक निवृत्त दंतवैद्य पियानो शिकायला येतात. जन्मभर लोकांची तोंडं उघडी ठेवून स्वतःच बोललेला माणूस, ऐकून घ्यायची सवय कुठून असणार? परवा त्यांना आपलं ते गाणं दिलं, तू गायचीस आणि मी साथ करायचे ते. गृहस्थांनी कागदावरचा एकही स्वर सोडला नाही, तरी गाणं काही ओळखू येईना. मी म्हटलं, डॉक्टर, ओळीच्या सुरुवातीला फ्लॅटच्या तीन खुणा आहेत, त्या काही शोभेच्या नाहीत. त्यांना की सिग्नेचर म्हणतात. ते तीन स्वर जिथे जिथे येतील तिथे अर्धा स्वर उतरवून वाजवायचे, हे तिथे एकदाच सांगून ठेवलेलं असतं. पुढे दर वेळी आठवण करून द्यायला कागद काही तुमची नर्स नाही. ओशाळले बिचारे. मग म्हणाले, एवढी भानगड कशाला, सगळी गाणी नुसती पांढऱ्यांवरच का लिहीत नाहीत? मी सांगितलं, गाणाऱ्याचा गळा कुठे सुखाने बसतो ते पाहून पट्टी ठरते. पट्टी खाली आणली की खुणा बदलतात. स्वरांमधली अंतरं तीच राहतात, म्हणून गाणंही तेच राहतं.

ते गेल्यावर कोरा कागद घेतला आणि आपलं गाणं खालच्या पट्टीत लिहून काढलं. अर्धा स्वर उतरवलं असतं तर दोन शार्पांत, म्हणजे अर्धा स्वर चढवायच्या दोनच खुणांत भागलं असतं, माझ्या आखडलेल्या बोटांना ते सोयीचं. मी पूर्ण एक स्वर उतरवलंय. म्हणजे पाच फ्लॅट, सगळी काळ्यांवरची कसरत. परवापासून घोकतेय, डावा हात अजून अडखळतो, पण येईल वळणावर.

एक स्वरच का, ते सांगते. रविवारी फोनवर तू म्हणालीस की यापुढे गाणं नाही म्हणजे नाही, आणि दूध उतू जातंय म्हणून फोन ओट्यावर ठेवून गेलीस. गेलीस ती विसरलीसच. मी ठेवणार होते, तेवढ्यात तू भांडी विसळता विसळता गायला लागलीस. आपलंच गाणं, शेवटपर्यंत. मी पियानोपाशी जाऊन हळूच एक एक सूर दाबून पाहिला. पूर्वीपेक्षा बरोबर एक स्वर खाली होतीस, आणि कुठेही ताण नव्हता. दोन शार्पांत माझी बोटं सुखी झाली असती, पण तू तिथे गात नव्हतीस. शनिवारी ये. मी तुझ्याआधी बसलेली असेन.

तुझीच,
ताई