उचललेली पत्रावळ

३ मे १९७४, विंझर
रतनच्या, म्हणजे धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी रजा. रजेत कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणारा माझा प्रोग्रॅम, पुरा करणार. रोज पहाटे उठणे. दुपारी झोप बंद.

४ मे
उठायला आठ. मांडववाल्यांनी रात्रभर ठोकाठोक केली, माझा इलाज नाही.
वडिलांनी, आबांनी विचारलं, हापिसात नेमकं काय करतोस. समजावलं: लांबलचक मजकुराला एक छोटं नाव द्यायचं, त्याला मॅक्रो म्हणतात. प्रोग्रॅममध्ये ते नाव दिसलं की कंपायलर तिथं सगळा मजकूर पसरतो. मजकुराला मशीनमध्ये जागा लागते, आणि जागा थोडी. एकाचं झालं की जागा दुसऱ्याला. आबा म्हणाले, मंग पंगतच की रं. अडाण्यांशी वाद नको.

५ मे
काम शून्य. मन लागत नाही. मागच्या चाचणीत मॅक्रोमध्ये भलताच मजकूर घुसला. प्रोग्रॅम भोकं पाडलेल्या पंचकार्डांवर असतो, कार्डांचा क्रम बिघडला की सगळं बिघडतं. साहेबांना म्हणालो, शिपाई चिमाजीने मशीनकडे नेताना गठ्ठा पाडला असेल. नुसतं 'असेल' म्हणालो होतो. साहेबांनी त्याला ताकीद दिली, पुन्हा असं झालं तर घरी बसायचं. चिमाजी मार्गासनीचा, माझ्याच ओळखीने लागलेला. त्याने फार मनाला लावून घेतलं नसावं.

७ मे, रात्री
लग्न लागलं. जेवणाला माणसं लई, जागा कमी. सगळी पंगत एकदम उठेपर्यंत रिकाम्या हाताने बसायचं, ही जुनी रीत. निव्वळ उधळपट्टी. मी ताबा घेतला. हात थांबला की पत्रावळ उचलायची, तिथं दुसरा बसवायचा.
नवऱ्याचे मामा सर्जेराव यांचा हात थांबला. उचलली.
ते मागच्या भाताची वाट बघत होते. ते उठले, त्यांच्यामागे अख्खं वऱ्हाड अर्धपोटी उठलं. आबांनी सगळ्यांपुढे हात जोडले. अक्काबाई आत्या म्हणाली, हात थांबला म्हंजी मानूस जेवला व्हय? कशीबशी समजूत काढली. रतन माझ्याशी न बोलता सासरी गेली.
मी गोठ्यात बसून राहिलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात आणखी एक कळलं. माझा कंपायलरही हेच करतो. मोठ्या मॅक्रोच्या पोटात छोटा आला की मोठा थोडा थांबतो. थांबला म्हणजे संपला असं धरून मी त्याची जागा दुसऱ्याला देतो. चिमाजीच्या गठ्ठ्याला काही झालं नव्हतं.
साहेबांना सांगायचंच. आधी दुरुस्ती, मग कबुली. क्रम महत्त्वाचा.

१४ मे, पुणे
चाचणी पास. साहेबांनी पाठ थोपटली. सांगणारच होतो, पण त्यांना मीटिंग होती. नंतर म्हटलं, कशाला त्यांचा आनंद घालवा.
संध्याकाळी चिमाजी पेढे घेऊन आला. म्हणाला, आता म्या गठ्ठा दोरीनं आवळून आनतो, म्हनून या बारीला तुमचं काम नीट झालं. मागल्या बारीला माज्याच हातनं इस्कटला आसंल, माफी करा दादा.
मी पेढा घेतला. म्हणालो, असू दे, होतं असं एखाद्याच्या हातून.