खुब्याचा भरोसा

माय, तू जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मी तुला खुब्याबद्दल लिहायला बसले आहे. निलंग्याला तुझी राख सावडताना दादाने काहीतरी उचलून माझ्या हातावर ठेवलं. तुझं खुब्याचं हाड मोडल्यावर लातूरला बसवलेला तो धातूचा गोळा, दांड्यासकट. पाण्याने धुतला तर जसाच्या तसा. भावकीत वाद लागला, ही अस्थी म्हणायची का लोखंड. दादा म्हणाला, "मायसंगं चाललं, मायसंगंच जाऊ द्या," आणि अस्थींबरोबर नदीत सोडलं. तेव्हापासून माझ्या मनात पक्कं बसलं, की ही वस्तू माणसाला पुरून उरते.

म्हणून माझा बसवलेला खुबा सैल झालाय असं नांदेडचे डॉक्टर म्हणाले, तेव्हा मला पहिला संशय मालाचाच आला. हलका माल घातला असणार. चितेत जळलं नाही ते माझ्या अंगात कसं बिघडतं? साधं पातेलं मी वाजवून घेते, हे तर गुंगी देऊन घातलेलं. मी त्यांना तुझ्या राखेची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, धातू धड आहे, आतली प्लास्टिकची वाटी झिजली. तिच्या बारीक भुग्याने भोवतालचं हाड खाल्लं आणि हाडानेच पकड सोडली. आता जुना काढून लांब दांड्याचा नवा बसवायचा.

"हा किती टिकंल?"

"पहिल्याइतका टिकेलच असं नाही सांगता येत, मावशी. आणि हाही सैल झाला तर पुढच्याला धरायला हाड कमी उरेल."

गिऱ्हाईकाला एवढं खरं कोण सांगतं? मला त्याचाच जास्त संशय आला. बाहेर आल्यावर सून म्हणाली, "आत्या, तुमचा देव सोडून कुणावरच भरोसा न्हाई." मी म्हणाले, देवाने अजून काही विकलं नाही मला.

पण एक राहिलं. जमिनीवर मांडी घालून बसायचं नाही, पूजा खुर्चीवर बसून करायची, असं मला पहिल्या वेळेसच बजावलं होतं. देव खाली पाटावर आणि आपण वर खुर्चीत, हे मला जमेना. सून भाजीला गेली की मी दार लोटून खाली बसायची, आणि उठताना देव्हाऱ्याला धरून उठायची. परवा डॉक्टरांनी तेच विचारलं, खाली बसता का. सून शेजारी होती. मी न्हाई म्हणाले. त्यांनी लिहून घेतलं.

ऑपरेशनला मी हो म्हटलं आहे. गुरुवारी बोलावलंय. त्याआधी त्यांना खरं सांगायला पाहिजे, नवा किती टिकायचा ते त्यावरही असणार. हा कागद काही कुठं जायचा नाही. तोंडातून निघतं का ते आधी तुझ्यापाशी बघितलं, माय. लिहिताना निघालं. बोलताना निघंल का, माझा मलाच भरोसा नाही.