आईंनी ‘जमत नाही’ म्हटलं

साकाता,
१४ नोव्हेंबर

ती. युकिए वन्संना मासाएचा नमस्कार.

टोकियोत थंडी सुरू झाली असेल. इथे समुद्राचा वारा खिडक्या खडखडवतोय. पर्सिमनची फळं सोलून वळचणीला वाळत घातलीत.

फोनवर आई ठणठणीत वाटतात, हे खरं. वसंतात सरकारी काळजीविम्याचा तपासनीस आईंना घरी किती मदत लागते ते ठरवायला आला, त्यालाही तशाच वाटल्या. आपलं गरम झऱ्याचं विश्रामगृह कधीच बंद झालं, पण दारात आलेला माणूस आईंच्या लेखी अजून पाहुणाच. आणि पाहुण्यापुढे मालकीण रडगाणं गात नाही. ‘आजी, उठता येतं का?’ म्हटल्यावर हात न टेकता उठल्या. वर त्यालाच म्हणाल्या, ‘तुम्हीच दमलेले दिसता. अंघोळ करून घ्या.’ तो गेल्यावर त्यांना जागचं हलता येईना. निकाल आला, किरकोळ मदत पुरे.

निकाल पटला नाही तर दाद मागता येते, पुन्हा तपासणीही मागता येते, असं पालिकेतल्या बाईंनी सांगितलं. मी मागितली. तुम्ही चिडलात, ‘घरात सून असताना परकी माणसं कशाला?’ न्हाणीघरात आम्ही दोघी पडलो, माझी बरगडी दुखावली, हे सांगितलंच नाही. पुन्हा पडलो तर आईंना वृद्धाश्रमात ठेवावं लागेल, आणि हे घर सुटलं की त्या टिकायच्या नाहीत.

या वेळी तपासायला बाई आल्या. जाताना त्यांना फाटकापाशी गाठून खरं सांगायचं मी ठरवलं होतं. आईंदेखत त्यांची अब्रू कशी काढू? ‘अंघोळ जमते का?’ बाईंनी विचारलं. आई ‘हो’ म्हणणार, तेवढ्यात मी चहा ठेवायला वाकले आणि माझ्या तोंडून ‘आई गं’ निघालं.

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात टेकून त्या बाईंपुढे वाकल्या.

‘क्षमा असावी. मला जमत नाही. ही आमच्याकडे कामाला असलेली पोर मला उचलते, न्हाऊ घालते. फार गुणी. दुखतंय तरी सांगत नाही, येडी! हिला जरा सुट्टी मिळेल असं बघा.’

वन्सं, आई मला ओळखत नाहीत, हे मी तुमच्यापासून लपवलं. सून म्हणून कधी झालं नाही ते कौतुक मोलकरीण म्हणून झालं. हसू की रडू कळेना. पण काय बाई आहे! नावं गेली, नाती गेली, हाताखालच्या पोरीची काळजी तेवढी राहिली. तिच्यासाठी आयुष्यभराचा ताठा त्यांनी खाली ठेवला.

काल निकाल आला. मदतीची वरची पातळी मिळाली. आता अंघोळ घालायला माणसं येतील. परकीच, पण आईंनी स्वतः बोलावलेली.

तुम्हीही या. तुम्हाला त्या बहुधा पाहुणी समजतील. वाईट वाटून घेऊ नका, सगळ्यांत चांगली खोली देतील.

आईंच्या पदरची कामाची पोर,
मासाए